इनाम कमिशन, दत्तकाचा प्रश्न आणि दक्षिण महाराष्ट्रातील असंतोष (इ. स. १८४३ ते १८५८)

सन १८५७-५८ च्या उठावाची कारणे सांगताना दक्षिण महाराष्ट्रापुरते एक कारण बहुतेक ग्रंथकार न चुकता देतात; ते म्हणजे इनाम कमिशन. कमिशनने वीस हजारांवर इनामे खालसा केली, त्यामुळे इनामदार वर्ग चिडला आणि उठावास तयार झाला, असा हा सरळ हिशेब आहे. तो अगदीच खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु या हिशेबात देवळातील नंदादीपासाठी दिलेले बिघाभर रान आणि सबंध दुमाला गाव ही दोन्ही एकेकच मोजली जातात, व अशा बेरजेवरून लोकांच्या मनातील क्षोभाचे माप निघत नाही. शिवाय सारा वाढला म्हणून माणसे चिडली, एवढ्यावर थांबले तर ज्यांचे फार गेले ते स्वस्थ का बसले आणि ज्यांचे अद्याप काहीच गेले नव्हते त्यांनी हत्यार का उचलले, हा प्रश्न तसाच राहतो. त्या प्रश्नाचे उत्तर साऱ्याच्या रकमेत शोधण्यापेक्षा पुराव्याच्या व वारसाच्या नियमांत शोधावे, असे आम्हांस वाटते. सबब त्या नियमांचा विचार येथे थोडा विस्ताराने करीत आहोत.

आम्ही जेथे बसून हे लिहीत आहो ते माधवनगर बुधगावाला लागून आहे, आणि बुधगाव ही मिरजेच्या धाकट्या पातीची राजधानी. मिरज संस्थानच्या वाटण्या सन १८२० मध्ये इंग्रज सरकारच्या संमतीने झाल्या व एका संस्थानच्या चार पात्या झाल्या. त्यांपैकी दोन पात्या औरस पुरुषसंतान नाही या कारणाने सन १८४२ व १८४५ मध्ये सरकारात गेल्या. सन १८४५ मध्ये गेलेली पाती सोनीकरांची. त्याच्या आधी सन १८३६ मध्ये चिंचणी गेली होती, सन १८४८ मध्ये परशुरामभाऊंचे तासगाव गेले आणि सन १८५७ मध्ये शेडबाळ गेले. माधवनगराभोवती दोन दिवसांच्या चालीचे वर्तुळ काढले तर ही बहुतेक सर्व गावे त्यात येतात. म्हणजे ज्या वीस-बावीस वर्षांविषयी आपण बोलत आहो त्यांत या टापूतील एखाद्या म्हाताऱ्या माणसाने पटवर्धनांची एकामागून एक घरे नि:संतानतेच्या सबबीवर मोडताना डोळ्यांनी पाहिली. जहागिरी खालसा होणे आणि इनामे खालसा होणे ही कायद्याच्या दृष्टीने भिन्न प्रकरणे. एक राजकीय, दुसरे महसुली. कमिशनचा जहागिरींशी संबंध नव्हता, हे येथेच स्पष्ट केलेले बरे, कारण पुष्कळ लेखकांकडून या दोहोंची गल्लत झालेली आहे. तथापि पाहणाऱ्यास दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट दिसत होती: पोटचा मुलगा नसेल तर घर बुडाले.

ही गोष्ट लोकांस विशेष का बोचली हे समजण्यासाठी सन १८१८ पर्यंत मागे गेले पाहिजे. त्या वर्षीच्या ११ फेब्रुवारीस एल्फिन्स्टन साहेबाने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. बाजीरावाची चाकरी दोन महिन्यांच्या आत सोडावी, वतने, इनामे, वर्षासने, देवस्थाने व धर्मादाय यांचे रक्षण होईल, मामलती मक्त्याने देणे बंद होईल, अशा आशयाचा तो मजकूर होता. लढाई अद्याप संपलेली नव्हती, आणि सरदारांस व मुत्सद्द्यांस बाजीरावापासून फोडण्यास हा कागद तोफेइतकाच उपयोगी पडला. लोकांनी त्याचा अर्थ सरळ घेतला की जे चालत आले आहे ते चालेल. सरकारी अर्थ पुढे निघाला तो असा, की जे खरोखर योग्य हक्काने चालत आले असेल तेवढेच चालेल, आणि हक्क योग्य की अयोग्य हे सरकार ठरवील. दोन्ही अर्थ त्या शब्दांतून काढता येतात. परंतु एकाच कागदाचा एक अर्थ राज्य घेताना आणि दुसरा अर्थ पंचवीस वर्षांनी, अशी स्थिती झाली म्हणजे कागदावरचा विश्वास उडतो.

चौकशीस प्रत्यक्ष आरंभ सन १८४३ मध्ये कर्नाटकाकडे, म्हणजे इंग्रज ज्यास दक्षिण मराठा मुलूख म्हणत त्या धारवाड प्रांती झाला. गोल्डस्मिड व त्यांच्या मागून हार्ट हे या कामातील प्रमुख अधिकारी. जमाबंदीच्या नव्या पद्धतीमुळे आमच्या वाचकांस गोल्डस्मिड व विंगेट ही नावे परिचयाची आहेतच. शेतांची मोजणी करून, नंबर पाडून आकार बसवावयाचा म्हटले म्हणजे कोणते रान सरकारी व कोणते इनामी हे आधी ठरले पाहिजे, आणि या गरजेतून चौकशीचे काम वाढत गेले. पहिली नऊ वर्षे ही चौकशी सरकारी हुकुमांच्या आधाराने चालली. सन १८५२ मध्ये अकरावा अ‍ॅक्ट होऊन तीस कायद्याचे रूप आले. या अ‍ॅक्टातील दोन गोष्टींकडे इतिहासकारांचे जावे तितके लक्ष गेलेले नाही. पहिली ही, की कमिशनच्या निर्णयावर दाद मागावयाची ती सरकारकडेच. दिवाणी कोर्टांस या प्रकरणी हात घालण्याचा अधिकार ठेवलेला नव्हता. म्हणजे दावेदार, न्यायाधीश व अपिलाची जागा ही तिन्ही एकाच घरची. दुसरी गोष्ट अ‍ॅक्टाला जोडलेल्या नियमांची, व तीच महत्त्वाची आहे.

नियमांचा सारांश आमच्या शब्दांत असा. ब्रिटिश सरकारने किंवा अधिकार असलेल्या अंमलदाराने एखादे इनाम वंशपरंपरेचे म्हणून स्पष्ट जाहीर केले असल्यास ते चालावे. तसे नसल्यास, इंग्रजी अंमल बसण्यापूर्वी साठ वर्षे अखंड भोगवटा असून अंमल बसतेवेळी मूळ इनामदाराचा पुरुषपरंपरेतील नातू अथवा त्याचा औरस वंशज वहिवाटीत असेल, तर त्या वेळच्या वहिवाटदाराच्या पोटचे पुरुषवंशज असेपर्यंत इनाम चालावे. याहून कमी मुदतीचा भोगवटा असल्यास त्या मानाने कमी पिढ्या. कायम स्वरूपाच्या धर्मसंस्थांची इनामे चालू ठेवावीत. याखेरीज देणाऱ्यास देण्याचा अधिकार होता की नाही ही तपासणी निराळीच. मामलेदाराने, कमाविसदाराने किंवा गावच्या पाटील-कुळकर्ण्यांनी गावनिसबत म्हणून दिलेली जमीन धन्याच्या मंजुरीवाचून दिली, असे ठरले की ती गेली.

ज्यांचा धर्मशास्त्राशी काही परिचय आहे त्यांस हे नियम वाचताना चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. आम्ही आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकविले, आणि व्यवहारप्रकरण वाचताना त्याचा आपल्या गावच्या जमिनींशी काही संबंध असेल हे आम्हांस फार उशिरा सुचले. स्मृतिकारांनी मानुष प्रमाणे तीन सांगितली: लिखित, भुक्ती व साक्षी. पैकी भुक्ती तीन पुरुष अखंड चालली असेल तर तिच्या मुळाशी लेख दाखविता आला नाही तरी ती हक्काचे प्रमाण म्हणून बलवत्तर ठरते, असा मिताक्षरादी निबंधांचा कल आहे. त्यामागे व्यवहाराचे शहाणपण आहे. तीन पिढ्यांत घरे जळतात, वाळवी लागते, भाऊबंद कागद घेऊन परगावी जातात. तेव्हा लेख हरवला म्हणून हक्क हरवू नये. अ‍ॅक्टातील साठ वर्षे व नातू ही सांगड पाहून आम्हांस प्रथमदर्शनी या त्रिपुरुष भुक्तीचीच आठवण झाली. परंतु साम्य तेथेच संपते. स्मृतीत तीन पिढ्यांचा भोग सिद्ध झाला की चौकशी संपते. अ‍ॅक्टात तो सिद्ध झाल्यावर पुढे किती पिढ्या चालावयाचे याची मोजदाद सुरू होते.

आणि ती मोजदाद औरस पुरुषवंशावर. येथे सगळी मेख आहे. महाराष्ट्रात दत्तकाविषयी ज्या ग्रंथाचे प्रामाण्य विशेष, तो नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख. आपल्याकडे विधवेस नवऱ्याची स्पष्ट आज्ञा नसतानाही दत्तक घेता येतो, इतकी येथील परंपरा दत्तकास अनुकूल. दत्तक मुलगा पिंड देतो, ऋण फेडतो, गोत्र चालवितो व रिक्थ घेतो. इंग्रजी कोर्टेदेखील घर, शेतभात, दागिने यांच्या वारशात दत्तकाचा हक्क मानीत होती. मग त्याच मुलाने बापाची दौलत घ्यावी व त्याच बापाचे इनाम मात्र सरकारात जावे, हे कोडे सामान्य गृहस्थास उलगडण्यासारखे नव्हते. दत्तकास पेशवाईत हुजुरची मंजुरी लागे व त्यासाठी नजर द्यावी लागे ही गोष्ट खरी आहे, आणि इंग्रज मुत्सद्द्यांनी आपल्या बाजूने तीच पुढे केली. पण मंजुरी लागते याचा अर्थ नजर घेऊन मंजुरी मिळते, असा जुन्या व्यवहारात होता. नवीन व्यवहारात मंजुरी लागते याचा अर्थ ती नाकारता येते, असा झाला.

साताऱ्याच्या प्रकरणात हेच मोठ्या अक्षरांत दिसते. आप्पासाहेब महाराज ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. रेसिडेंट फ्रियर व मुंबईचे गव्हर्नर क्लार्क हे दोघेही राज्य चालू ठेवण्याच्या मताचे होते. तथापि डलहौसीने दत्तक अमान्य करून राज्य खालसा केले. त्याआधी सन १८३९ मध्ये पदच्युत झालेल्या प्रतापसिंह महाराजांच्या वतीने रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे अर्ज, निवेदने, छापील पत्रके यांतच राहिले. त्यांच्या खटपटीस यश का आले नाही हा निराळा विषय आहे. आम्हांस येथे इतकेच दाखवावयाचे आहे की ज्या माणसाचे नाव सन १८५७ च्या साताऱ्याच्या कटात अग्रभागी आले तो पिढीजाद दंगेखोर नव्हता. कागदावर न्याय मिळतो या समजुतीने त्याने आयुष्याची भर वर्षे घालविली होती. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यास सतरा इसमांस देहांत शिक्षा झाली; पाच फाशी गेले, सहा तोफेच्या तोंडी दिले गेले व सहांना गोळ्या घातल्या. फाशी गेलेल्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी स्वत: हाती लागले नाहीत ते नाहीतच.

नरगुंदाची हकीकत याहूनही बोलकी आहे. नरगुंदकर भावे हे जुने घराणे. टिपूने नरगुंदास वेढा घातल्याची व व्यंकटराव भावे आणि काळोपंत पेठे यांच्या दुर्दैवाची कथा इतिहासप्रेमी वाचक जाणतातच. सन १८५८ मधील संस्थानिक भास्करराव ऊर्फ बाबासाहेब हे बुद्धिमान व विद्येचे चाहते म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या संग्रही तीन-चार हजार संस्कृत ग्रंथ होते असे खुद्द इंग्रज इतिहासकारांनीच लिहून ठेविले आहे. हस्तलिखिते जमविणाऱ्या आमच्या वाचकांनी क्षणभर आपल्या कपाटाकडे पाहावे व मग हा आकडा पुन्हा वाचावा. अशा माणसाने तलवार का उपसली? त्यांचे संस्थान गेले नव्हते, साराही कोणी वाढविला नव्हता. त्यांस पुत्र नव्हता आणि दत्तकाची परवानगी नाकारली गेली होती. म्हणजे जे चालले होते ते त्यांच्या डोळ्यांदेखत चालणार, व त्यांचे डोळे मिटताच संपणार. त्यातच हत्यारे व तोफा सरकारात जमा करण्याचा हुकूम आला. दक्षिणेतील संस्थानांवर नेमलेला पोलिटिकल एजंट मॅन्सन हा पूर्वी इनाम कमिशनच्या कामावर होता, ही गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटणारी नव्हती. २९ मे १८५८ च्या रात्री सुरेबान येथे मॅन्सनचा वध झाला आणि त्याचे शिर नरगुंदाच्या वेशीवर लटकविले गेले. चार दिवसांत नरगुंद पडले; १२ जून रोजी बाबासाहेबांस बेळगाव येथे फाशी दिले. एका माणसाचा एवढा द्वेष त्याच्या स्वभावामुळे उत्पन्न झाला असे लिहिणारे आहेत. आम्हांस ते पटत नाही. मॅन्सन हा लोकांच्या दृष्टीने त्या नियमांचे हिंडते-फिरते रूप होता.

आता उलट बाजू. सांगली, मिरज व इतर पटवर्धन घराणी या धामधुमीत स्वस्थ राहिली. त्यांनी काहीच गमावले नव्हते असे नाही. तासगाव व चिंचणी ही त्यांच्याच भाऊबंदांची. पण त्यांचा इंग्रजांशी संबंध सन १८१९ च्या करारांनी बांधलेला होता, कमिशनचा कारकून त्यांच्या वाड्यात येऊन सनद मागू शकत नव्हता, आणि पदरी मुलगा होता तोवर धीर धरण्यास जागा होती. आमच्या मते हा भेद निर्णायक आहे. गावोगावचा लहान इनामदार कचेरीत उभा राहून आपण आपल्या आजोबाचे नातू आहो हे सिद्ध करीत होता. जहागीरदारावर ती वेळ आली नाही.

रयतेचेही एक माप आहे आणि ते विसरून चालणार नाही. आम्ही इनामदारांचे वकीलपत्र घेतलेले नाही. इनामी जमिनीचा आकार सरकारात येत नसे म्हणून जो बोजा कमी पडे तो अखेर कोणावर तरी बसेच. आणि इनामदाराचे कूळ इनामदाराच्या दु:खाने दु:खी होते असे मानण्यास फारसा आधार नाही. नव्या जमाबंदीत पुष्कळ ठिकाणी जुना कमाल आकार उतरला, जुन्या पट्ट्या व बाबती बंद झाल्या. सन १८५७ मध्ये दक्षिण महाराष्ट्रातील खेडी सरसकट उठली नाहीत याचे एक कारण येथे आहे. रयत पुढे उठली ती १२ मे १८७५ रोजी सुप्यास, व तीही कलेक्टरवर नव्हे, सावकारावर. त्या दंग्यात लोकांनी प्रथम काय हस्तगत केले? खते, रोखे व हुकूमनामे. ते जाळले म्हणजे पुष्कळ ठिकाणी गर्दी आपोआप पांगे. इनामदाराला कागद सापडत नाही म्हणून धसका, कुळाला कागद सापडतो म्हणून धसका. दोघांचेही वैरी एकच, असे विनोदाने म्हणता येईल.

कागदाचा विषय निघाला तेव्हा दप्तराविषयी लिहिणे प्राप्त आहे, कारण आमच्या वाचकांचा संबंध येथे थेट येतो. पेशव्यांचे दप्तर इंग्रजांनी मोडून टाकले नाही, सांभाळले, ही गोष्ट आपण नेहमी कृतज्ञतेने सांगतो. ते का सांभाळले हे क्वचितच सांगतो. सन १८४३ पासून हे दप्तर इनाम चौकशीच्या कामाला जुंपले गेले. इनामदाराने सनद दाखविली की तिचा दाखला दप्तरात पाहावयाचा. दप्तरी हुजूरची नोंद नसेल, किंवा गावच्या झाडतीत ते रान इनामाकडे लावलेले नसेल, तर सनद संशयित. हे काम करावयाचे म्हणून प्रांतवार, परगणेवार रुमाल लागले, याद्या झाल्या, मोडी जाणणारे कारकून ठेविले. कमिशनच्या कामावर आमच्यातील नामांकित माणसेही होती. लोकहितवादी गोपाळराव हरी देशमुख हे असिस्टंट इनाम कमिशनर होते. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेल्या रोजनिशा व सन १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांच्या देखरेखीखाली निघालेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग ज्या रुमालांतून आले, ते रुमाल लोकांची इनामे तपासण्यासाठी बांधले गेले होते. दप्तर अभ्यासकांस इतकी वर्षे बंद का राहिले याचेही कारण आम्हांस येथेच दिसते: ज्या कागदाने हक्क मोडता येतो त्याने तो पुन्हा उभाही करता येतो.

याच्या शेजारी आमच्या मिरजेचे उदाहरण ठेवावे. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवीत. त्यांनी ऐतिहासिक लेखसंग्रह प्रसिद्ध केला तो पटवर्धनांच्या घरच्या दप्तरांतून. या दप्तरांवर कमिशनचा हात पडला नव्हता, म्हणून त्यांत छावणीची पत्रे, घरगुती कुरकुरी, बाजारभाव, रुसवेफुगवे असे सर्व राहिले. कमिशनच्या चाळणीतून गेलेल्या घरांच्या दप्तरांत असे पसरट वैभव फारसे आढळत नाही. आमच्या पाहण्यात या टापूतील जी लहान दप्तरे आली त्यांत अस्सल सनद एखादीच, बाकी नकला व नकलांच्या नकला. एका घरी तर एकाच आज्ञापत्राच्या तीन तालिका तीन हातच्या निघाल्या, अस्सल नाही. आणि बरोबर वंशावळीचा एक लांब कागद, ज्यात मुलींची नावे गाळलेली. आम्ही पूर्वी असे कागद निरुपयोगी म्हणून बाजूस सारीत असू. कित्येक घरी कागद भिंतीत, कोठारात, देव्हाऱ्याखाली दडवून ठेविलेले सापडतात, तेव्हा घरची माणसे ते मोगलांच्या भयाने लपविले असे सांगतात. कागदांच्या तारखा पाहिल्या म्हणजे मोगल तेथे कोठेच बसत नाहीत.

उठाव मोडल्यावर सरकारने माघार घेतली, पण कबुली दिली नाही. सन १८६२ मध्ये संस्थानिकांस दत्तकाच्या सनदा मिळाल्या. सन १८६३ च्या दुसऱ्या अ‍ॅक्टाने इनामदारास चौकशी टाळून तडजोड करण्याची मुभा दिली: आकाराच्या पावहिश्श्याइतकी जुडी व रुपयास एक आणा नजराणा दरसाल द्यावा, आणि इनाम दत्तकासह वंशपरंपरेने भोगावे, वाटल्यास विकावे. पुष्कळांनी ही तडजोड पत्करली. येथे आमच्या प्रतिपादनास सबळ पुरावा मिळतो. कर न देणाऱ्याने कर द्यावयाचा होता, तरीही तो राजी झाला, आणि तक्रार पुष्कळ अंशी शमली. रकमेसाठीच भांडण असते तर रक्कम बसविल्यावर ते मिटले नसते. कमिशनचा अधिकारी एथरिज याने पुढे सरकारसाठी या सर्व कामाची जी हकीकत लिहिली ती अभ्यासकाने अवश्य वाचावी. ती सरकारी बाजूची आहे हे खरे, परंतु नियमांची अंमलबजावणी कशी होई हे दुसरीकडे इतके सलग मिळत नाही.

त्या तडजोडीच्या सनदा अजून या भागातील घरांतून आढळतात. सन १९५३ च्या बेचाळिसाव्या मुंबई कायद्याने जातइनामे रद्द झाल्यावर त्यांचा व्यावहारिक उपयोग संपला, व तेव्हापासून त्या रद्दीत जाऊ लागल्या आहेत. संग्राहकांस आमची विनंती अशी आहे की दप्तर हाती आले असता जुनी मोडी पत्रे वेचून घेऊन सन १८४३ नंतरच्या कैफियती, नकला, वंशावळी व कमिशनचे ठराव टाकून देऊ नयेत. नकलेच्या पाठीवरील शेरे, दाखल केल्याची तारीख, कारकुनाची सही हे सर्व उतरून घ्यावे, आणि कोणते कागद कोणत्या बस्त्यात एकत्र बांधलेले होते तेही टिपून ठेवावे. बस्ता एकदा सुटला की ते पुन्हा कळत नाही. तासगाव, मिरज व खानापूर या तालुक्यांतील असे कागद कोणाच्या संग्रही असल्यास त्यांची यादी मंडळाकडे धाडावी. मूळ कागद पाठविण्याची आवश्यकता नाही.